उलुबुरुन येथील जोडपाटी

तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर काश गांवाजवळ उलुबुरुन नांवाचें भूशिर आहे. इ. स. १९८२ मध्यें स्पंज काढणाऱ्या एका पाणबुड्यास तेथें समुद्रतळाशीं चमत्कारिक आकाराच्या धातूच्या लगडी दिसल्या. पुढें जॉर्ज बास व जेमाल पुलाक यांच्या देखरेखीखालीं १९८४ ते १९९४ पर्यंत उत्खनन होऊन, इ. स. पू. चौदाव्या शतकाच्या अखेरीस बुडालेलें एक व्यापारी गलबत उजेडांत आलें.

गलबतावर सुमारें १० टन तांबें व १ टन कथील होतें. काशाच्या ओतकामास हेंच प्रमाण लागतें. तांबें सायप्रसचें असल्याचें रासायनिक परीक्षेवरून ठरलें आहे. याशिवाय निळ्या कांचेच्या लगडी, राळेनें भरलेले कनानी घडे, आफ्रिकेंतील काळें लांकूड, हस्तिदंत आणि मिसरची राणी नेफर्तिती हिच्या नांवाची सुवर्णमुद्रा हीं सांपडलीं.

इतका नानादेशीय माल असलेलें हें गलबत कोणाचें? उत्तर लेखांत मिळावयाचें; आणि लेखनसाधन मिळालेंही. डाळिंबें ठेवलेल्या एका रांजणांत लांकडी जोडपाटी निघाली: दोन फळ्या, हस्तिदंती बिजागरी आणि आंत मेण भरण्याजोगा खोलगट भाग. होमराच्या इलियद काव्यांत दुमडलेल्या पाटीचा उल्लेख एकदांच येतो, व तो कांहीं विद्वान उत्तरकालीन मानीत. तशा पाट्या त्या प्राचीन काळीं होत्या, इतकें तरी आतां निर्विवाद झालें. परंतु मेण नाहींसें झालें, आणि त्याबरोबर अक्षरेंही गेलीं. आपल्या धूळपाटीची गति तीच.

मग निर्णय कशावरून करावा? मालावरून करणें युक्त नव्हे. माल दहा बंदरांतून घेतलेला असूं शकतो. वजनांचें तसें नाहीं. व्यापारी परमुलखांत गेला तरी तागडी व वजनें स्वतःचीं नेतो. येथें सुमारें १५० वजनें मिळालीं. त्यांपैकीं पुष्कळशीं सुमारें ९.३ ग्रॅमच्या मानाचीं असून, तें मान सिरिया-कनानच्या किनाऱ्यावर चालत असे. ग्रीक तऱ्हेच्या तलवारी व मुद्राही सांपडल्या आहेत. परंतु त्या थोड्या असून बरोबरच्या प्रवाशांच्या असाव्यात. सबब व्यापारी सिरिया-कनानचे होते, हा पुलाक यांचा निष्कर्ष आम्हांस ग्राह्य वाटतो.

लेख नाहीं म्हणजे पुरावा नाहीं, असें नव्हे. दप्तरें धुंडाळतांना रुमालांत निघालेलें कोरें पान, झिजलेला शिक्का किंवा एखादें वजन आपण सहज बाजूस सारतों. अक्षर गेलें तेथें साक्ष त्यांचीच घ्यावी लागते.