दोन चौकोनांतला गळ

शब्दकोड्यात ‘मासे धरण्याचे साधन’ असा संकेत असला आणि पुढे दोनच चौकोन असले, की उभ्या शब्दाकडे वळल्यावाचून गत्यंतर नसते. गळ बसतो, जाळे बसते. सोडवणारा कोकणातला असेल तर गरी आणि पागही बसतात. संस्कृताचा आधार घेतला, तर पेच एका चौकोनाने वाढतो, इतकेच. अमरकोशाच्या वारिवर्गात गळाला बडिश, जाळ्याला आनाय आणि मासे ठेवायच्या टोपलीला कुवेणी म्हटले आहे. तिन्ही शब्द तीन-तीन अक्षरांचे!

यांपैकी बडिश बंगालीत ‘बड़शी’ होऊन अजून नांदतो. मराठीने तो सोडला आणि गळ धरला. हा गळ कुठला? माशाच्या गळ्यात रुततो म्हणून गळ, ही व्युत्पत्ती सहज सुचते, पण तेवढीच फसवी असावी. जैन आगमांच्या प्राकृतात ‘गल’ हा शब्द मासे धरण्याच्या आकड्यासाठी येतो, म्हणजे शब्द जुना आहे. पण कन्नडात त्याच वस्तूला ‘गाळ’ आणि तेलुगूत ‘गालमु’ म्हणतात. हे पाहिले की मूळ दक्षिणेत असावे आणि तिथूनच प्राकृताने तो उचलला असावा, असे वाटू लागते. गळ्याशी त्याचे नाते नंतर जुळले असेल. आता ही दोन कुळे मराठीत इतकी मिसळली आहेत, की ‘गळ घालणे’ हे आकड्याचे आणि ‘गळ्यात पडणे’ हे मानेचे, असे वेगळे करून सांगावे लागते.

भूम तालुक्यातल्या माणसाला मात्र या भाषांचे शेजार नवे नाही. बालाघाटाच्या रांगांतला हा तालुका, बाणगंगेच्या पाण्याचा. १९४८ पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता, आणि त्या एकाच राज्यात मराठी, कन्नड आणि तेलुगू मुलूख होते. गळ, गाळ आणि गालमु हे तिघे एका छत्राखाली राहत होते. कारभार उर्दूत चाले.

त्या उर्दूमागे फारसी, आणि फारसीत मासे धरायच्या आकड्याला म्हणतात ‘शस्त’. याच शब्दाचा दुसरा अर्थ अंगठा. तिरंदाज अंगठ्यात जी कडी घालतो, तिलाही शस्तच म्हणतात. वाकडेपणा हाच या सगळ्यांना जोडणारा दुवा असावा. (फारसीत साठ या संख्येलाही शस्त म्हणतात, पण तो आपल्या षष्टीचा सख्खा भाऊ, त्याचे घराणे निराळे.) कडीने दोरी ओढून बाण सोडायचा म्हणून शस्त म्हणजे नेम, उर्दूत ‘शिस्त बांधणे’ म्हणजे नेम धरणे. जुन्या मराठीतही शिस्त हा शब्द नेम, रोख, सरळ रेघ अशा अर्थांनी आलेला दिसतो. नेमातून सरळ रांग आणि रांगेतून वळण, असा प्रवास होऊन आजची शाळेतली शिस्त उभी राहिली असावी. ज्या शब्दाचे फारसीतले रूप आकड्यासारखे वाकडे, तो मराठीत सरळपणाचे नाव झाला, हे मला फार आवडते.

गळाला लावायचे आमिषही पाहावे. संस्कृतात आमिष म्हणजे मांस. म्हणून सामिष आणि निरामिष. मांसाचा तुकडा गळाला लावता लावता आमिष म्हणजे प्रलोभन झाले, आणि आज निवडणुकीच्या बातमीत हा शब्द वाचणाऱ्याला मांस आठवतही नाही.

शब्दकोड्यातले ‘वस्तूचा भाग’ मागणारे संकेत त्या मानाने सोपे, निदान शेतकऱ्याच्या घरात. नांगराचा भाग, दोन अक्षरे: फाळ, संस्कृत फाल. बैलांच्या मानेवरचे, एकच अक्षर: जू, म्हणजे युग, काळाचे युग आणि हे जू मुळात एकच. तीन अक्षरे असतील तर हळस लिहावे. हल अधिक ईषा, म्हणजे नांगराचा दांडा. त्यातली ईषा पुढे आखडून नुसता ‘स’ उरलेली दिसते.