राणीच्या बागेची सहल : आधीं झाडें, मग प्राणी

शाळेस सुट्टी लागली कीं दादरच्या घराघरांतून एक प्रश्न हटकून निघतो : राणीच्या बागेंत केव्हां जावयाचें ? आजोबा पंचांग सोडून वार पाहतात, कारण बुधवारीं बाग बंद असते. आई डब्याचा बेत ठरविते आणि मुलें वाघ, अस्वल व पाणघोडा यांची यादी करितात. त्या यादींत झाडाचें नांव मात्र सहसा नसतें. वास्तविक ही बाग मूळ झाडांसाठीं घातली गेली. प्राणी तिच्यांत मागाहून आले. हा क्रम ध्यानांत ठेवून सहल आंखली, तर मुंबईचा दीड शतकांहून अधिक काळाचा इतिहास एका दिवसांत मुलांच्या डोळ्यांपुढून जातो.

शेती व बागाइतीस उत्तेजन देणार्‍या एका मंडळाची बाग पूर्वीं शिवडीस होती. त्या जागीं आज ख्रिस्ती दफनभूमि आहे. नवी बाग भायखळ्यास तयार झाली व १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या पत्नीनें ती लोकांस खुली केली. शेजारच्या वस्तुसंग्रहालयाची कोनशिलाही त्याच दिवशीं बसली. नांव राणी व्हिक्टोरियाचें. परंतु संग्रहालयाच्या उभारणीसाठीं झटले नाना शंकरशेट, डॉ. भाऊ दाजी लाड, डॉ. बर्डवुड यांच्यासारखे नागरिक, आणि पैसाही बराचसा वर्गणीचा. १८७३ सालीं बाग म्युनिसिपालिटीकडे आली. पुढें १८९० मध्यें आणखी सुमारें १५ एकर जागा जोडून प्राणिसंग्रहालयाची सोय झाली. म्हणजे पिंजर्‍यांचा जन्म बागेच्या जन्मानंतर अठ्ठावीस वर्षांनीं झाला.

दादरकरांस पूर्वीं येथें येण्यास ट्राम असे. ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम आली आणि ती सोय संपली. आतां परळ, करी रोड व चिंचपोकळी मागें टाकून धीमी लोकल भायखळ्यास पोहोंचते. पूर्वेकडे उतरून थोडें चाललें कीं बाग लागते. निघावें तें सकाळीं, व शक्य तर सुट्टीची गर्दी टाळून. म्हातार्‍या माणसांच्या पायांस ऊन्ह होण्यापूर्वींची वेळ मानवते.

पहिला मुक्काम संग्रहालयाशीं करावा. तें २ मे १८७२ रोजीं लोकांसाठीं उघडलें. १९७५ पासून त्यास भाऊ दाजींचें नांव आहे. त्याच्या आवारांत एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावरील याच हत्तीवरून पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा हें नांव दिलें. १८६४ सालीं त्यास विलायतेस नेण्याचा घाट घातला गेला. परंतु उचलतांना तो कोसळून त्याचे तुकडे झाले. ते तुकडे या बागेंत आले, आणि १९१४ मध्यें ते जोडून हत्ती पुन्हां उभा करण्यांत आला. परदेशीं जाण्यास निघालेला हा प्राणी मुंबईंतच राहिला, ही हकीकत मुलांस सांगण्याजोगी आहे. बागेंत सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळाही आहे. तोच काळा घोडा. १९६५ सालीं त्यास कोटांतून येथें हलविलें, तरी त्या चौकाचें नांव मात्र तेथेंच राहिलें.

त्यानंतर झाडें पाहावींत. आफ्रिकेंतील गोरखचिंच, ब्रह्मदेशांतील उर्वशी, दक्षिण अमेरिकेंतील कैलासपति असे दूरदेशींचे पाहुणे येथें रुजले आहेत. बागेंत ३,००० हून अधिक झाडें आहेत. गिरणगांवांत धुराडीं उभीं राहिलीं, नंतर तीं थंडावलीं आणि त्यांच्या जागीं मनोरे आले. हीं झाडें मात्र जागचीं हललीं नाहींत. २००७ च्या सुमारास प्राणिसंग्रहालयाच्या विस्ताराची मोठी योजना निघाली, तेव्हां कांहीं नागरिकांनीं झाडांच्या काळजीनें तिला विरोध केला व योजनेंत बदल करावा लागला. बाग कशासाठीं घातली याची आठवण त्यांनीं ठेविली होती.

शेवटीं प्राणी. १९७२ सालीं वन्यजीवांच्या रक्षणाचा कायदा झाला व १९९२ मध्यें प्राणिसंग्रहालयांवर देखरेख करणारें केंद्रीय मंडळ स्थापन झालें. तेव्हांपासून, प्राणी माणसास दिसावा एवढेंच पुरेसें न मानतां, त्यास हिंडण्यास जागा हवी, आडोसा हवा, ही दृष्टि बळावली. २०१६ सालीं सोलहून आणलेले पेंग्विन थंड दालनांत ठेविले आहेत. २०१७ पासून लोक ते पाहूं लागले. या दालनापुढें रांग मोठी असते. वाघ मात्र पुष्कळदां झोंपलेला आढळतो. मग मुलें हिरमुसतात आणि कांहीं मोठीं माणसेंही त्यास हांका मारूं लागतात. ज्यांनीं सकाळपासून झाडें पाहिलीं त्यांस थोडा वेळ स्वस्थ उभें राहणें जड जात नाहीं. एखादें मूल विचारतें, “हा इथें कां कोंडला आहे ?” सार्‍या सहलींत याहून मोलाचा प्रश्न नाहीं. वडील मंडळींनीं त्यास उडवाउडवीचें उत्तर देऊं नये.

बागेचें नांव आतां वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे. तरी लोकांच्या तोंडीं राणीची बाग हेंच नांव टिकून आहे. ती राणी कोण, हें मुलांस ठाऊक नसतें. परंतु बाग आपली आहे, हें त्यांस कोणीं शिकवावें लागत नाहीं. आपली म्हणून ती सांभाळावयाची असते, एवढेंच घरीं परततांना लोकलमध्यें सांगावयाचें उरतें.