मोबाईलला रेंज नाही की नेट चालत नाही? आधी बिघाड कुठे आहे ते ओळखा

मी देवळाली प्रवरात राहतो. आळीत कुणाच्याही मोबाईलचं नेट बंद पडलं की तो फोन फिरत फिरत माझ्याकडे येतो. तोपर्यंत फोन चार वेळा बंद-चालू करून झालेला असतो, आणि कुणी कुणी तर सगळा डेटा उडवायच्या तयारीत असतं. तसं काही करायची गरज नसते. बिघाड चारपैकी एका ठिकाणी असतो: रिचार्ज, फोनची सेटिंग, सिम किंवा टॉवर. नेमका कुठे आहे ते कळलं की निम्मं काम झालं. मी कसं तपासतो ते इथे क्रमाने सांगतो.

१. आधी दोन प्रश्न विचारा

कॉल लागतोय का? शेजारी त्याच कंपनीचं सिम असलेल्याचं नेट चालतंय का?

- कॉल लागतो, पण नेट नाही: रिचार्ज किंवा सेटिंग बघा.
- कॉलही नाही, नेटही नाही, आणि शेजाऱ्याचीही तीच गत: टॉवरचा प्रश्न आहे.
- शेजाऱ्याचं सगळं व्यवस्थित, फक्त तुमचंच बंद: फोन किंवा सिम.

२. कॉल लागतो, पण नेट नाही

सगळ्यात आधी रोजचा डेटा संपलाय का ते बघा. बऱ्याच प्लॅनमध्ये तो संपला की स्पीड ६४ केबीपीएसवर येतो. व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज कसाबसा जातो, व्हिडिओ मात्र गोल गोल फिरत राहतो.

डेटा शिल्लक असेल तर हे करा:

- एअरप्लेन मोड अर्धा मिनिट चालू ठेवून बंद करा. फोन टॉवरशी नव्याने जोडला जातो.
- दोन सिम असतील तर मोबाईल डेटा कोणत्या सिमवर आहे ते बघा. रिचार्ज एका सिमवर आणि डेटा दुसऱ्यावर, असं खूपदा सापडतं.
- व्हीपीएन बंद करा. अँड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ ऑटोमॅटिकवर ठेवा. तिथे चुकीचं नाव असेल तर रेंज फुल्ल दिसते, पण एकही साईट उघडत नाही.
- तारीख-वेळ ऑटोमॅटिक ठेवा. ती चुकलेली असेल तर सुरक्षित वेबसाईट आणि बँकेची अ‍ॅप उघडत नाहीत.
- एपीएन सेटिंग ‘रिसेट टू डिफॉल्ट’ करा.

यानेही झालं नाही तर ‘रिसेट नेटवर्क सेटिंग्ज’. यात फोटो, कॉन्टॅक्ट जात नाहीत. फक्त सेव्ह केलेले वायफाय पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात.

३. रेंजच नाही

‘प्रेफर्ड नेटवर्क’ ऑटोवर आहे ना ते बघा. जिओला टूजी-थ्रीजी नाहीच, त्यामुळे कुणी ‘फक्त टूजी’ निवडून ठेवलं असेल तर सिम चांगलं असूनही रेंज येणार नाही.

रेंजच्या काड्यांवर फार विश्वास ठेवू नका, प्रत्येक कंपनीचा फोन त्या आपापल्या हिशोबाने दाखवतो. खरा आकडा बहुतेक अँड्रॉइड फोनमध्ये ‘अबाउट फोन’मधल्या ‘सिम स्टेटस’मध्ये मिळतो. तो उणे असतो. फोरजीला साधारण -९० डीबीएमच्या आसपास असेल तर चांगला, -११० च्या खाली गेला तर अवघड. -८० आणि -१०० मध्ये फरक २० चा दिसतो, पण सिग्नल शंभर पटीने कमी झालेला असतो.

आमच्याकडे पत्र्याची घरं बरीच आहेत. पत्रा सिग्नल अडवतो. आत आणि अंगणात, दोन्हीकडे हा आकडा बघा. अंगणात खूप सुधारला तर फोन बदलून उपयोग नाही. घरात ब्रॉडबँड असेल तर ‘वायफाय कॉलिंग’ चालू करा, कॉल तिथून लागतील.

रेंज फुल्ल, पण रात्री आठ-नऊला नेट रांगतंय? मग टॉवरवर गर्दी आहे. तोच व्हिडिओ पहाटे तपासून बघा. आणि गावाची लाईट बराच वेळ गेली असेल तर टॉवरची बॅटरीही उतरू शकते, तेव्हा वाट बघण्याला पर्याय नाही.

‘फक्त इमर्जन्सी कॉल’ दिसत असेल तरी ११२ लावून बघा. तो कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही जाऊ शकतो.

४. फक्त तुमचंच सिम बंद

सिम काढा, कोरड्या कापडाने पुसा, दुसऱ्या फोनमध्ये टाकून बघा. तिथे चाललं तर दोष तुमच्या फोनचा किंवा सिमच्या खाचेचा.

तिथेही चाललं नाही, रिचार्ज आहे आणि तुम्ही नवीन सिम मागितलेलं नाही, तर हा भाग नीट वाचा. तुमच्या नंबरचं डुप्लिकेट सिम कुणीतरी काढलेलं असू शकतं. ते चालू होताच तुमचं सिम मरतं आणि बँकेचे ओटीपी त्याच्याकडे जातात. ‘उद्या गॅलरीत जाऊन बघू’ म्हणून रात्र घालवू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच कंपनीला फोन करून नंबर ब्लॉक करा, मग बँकेला सांगून यूपीआय आणि नेट बँकिंग बंद करा. पैसे गेले असतील तर १९३० वर तक्रार द्या. इथे प्रत्येक मिनिट मोलाचं आहे. घरातल्या आई-वडिलांनाही हे सांगून ठेवा, कारण ‘रेंज नसेल’ म्हणून तेच जास्त वेळ गप्प बसतात.

तुम्ही स्वतः सिम बदललं असेल तर पहिले २४ तास एसएमएस येत नाहीत. त्यामुळे परीक्षेचा फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशी सिम बदलू नका.

५. टॉवरचाच प्रश्न असेल तर

त्याच कंपनीच्या नंबरवरून १९८ लावा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. तक्रारीत जागा, वेळ आणि डीबीएमचा आकडा सांगा. ‘नेट चालत नाही’ एवढंच सांगितलं की फोन रीस्टार्ट करायला सांगून बोळवण होते. उत्तर पटलं नाही तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत.

तरीही फरक पडला नाही तर पोर्ट करा. पण आधी ज्या कंपनीत जायचंय तिचं सिम असलेल्या मित्राला घरी बोलवा आणि जिथे तुम्ही रोज बसता, तिथे त्याच्या फोनवरचा आकडा बघा. चौकात मिळणारी फाईव्हजी तुमच्या घरात मिळेलच असं नाही.