काँक्रीटच्या स्टेशनचं स्केल मॉडेल कसं बनवायचं?

रेल्वे मॉडेलसाठी जगभर सर्वांत जास्त चालणारं माप म्हणजे एचओ, अर्थात १:८७. समजा, १९९२ साली सुरू झालेलं वाशी स्टेशन बनवायचंय. १२ डब्यांच्या लोकलचा प्लॅटफॉर्म निदान २५० मीटर, म्हणजे मॉडेलमध्ये जवळपास २.९ मीटर! सातपूरमधल्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये मावणार कसा? दारं, खांब, छताची उंची मापातच ठेवा. फक्त एकसारख्या खांबांची संख्या कमी करा.

खरं सिमेंट-वाळू टाळा. १ मिलिमीटरचा कण इथे ८.७ सेंटिमीटरचा दगड वाटतो. फोमबोर्डवर राखाडी रंग पुरे.

फोटो मात्र आत्ताच काढा, खांबाला खेटून मित्राला उभं करून. त्याच्या उंचीवरून मापं निघतात. स्टेशनांचा पुनर्विकास सुरू आहे. इमारत पडली की मोजायला काहीच उरत नाही.