जुन्या दूरचित्रवाणी संचातील काळेपणाची पातळी

पडद्यावर काळा रंग जेथून सुरू होतो, तिला काळेपणाची पातळी म्हणतात. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, त्या काळातील कृष्णधवल संचांत ही पातळी ‘ब्राइटनेस’चे बटण ठरवीत असे. त्याने पिक्चर ट्यूबच्या कॅथोड व ग्रिडमधील विद्युतदाब बदलतो. ‘कॉन्ट्रास्ट’ने पांढऱ्या-काळ्यातील अंतर बदलते. पातळी चढली की दशावतारातील रात्र राखाडी दिसते. फार उतरली की काळ्या वस्त्राच्या चुण्या लोपतात.

अनेक स्वस्त संचांत कपॅसिटरमुळे संकेतातील स्थिर घटक गळून जाई आणि अंधारे दृश्य आपोआप उजळत असे. कॅथोड झिजल्यास मात्र ब्राइटनेस वाढवून पांढरे उजळत नाही, काळे तेवढे फिके होते.

जपलेल्या संचात आधी कॉन्ट्रास्ट कमी करावा, काळा भाग नुकताच विझेल इतपत ब्राइटनेस उतरवावा, मग कॉन्ट्रास्ट वाढवावा. मालवण किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत उच्चदाबाच्या भागांवर क्षार साचून वीजगळती होऊ शकते. तरीही मागचे झाकण स्वतः उघडू नये. संच बंद केल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्टचा भार उरू शकतो. ते काम जाणकार दुरुस्तीकारावरच सोपवावे.