तंजावरच्या शस्त्रागारातील संरक्षक साधने

मराठी इतिहासलेखनात चिलखत, बख्तर आणि जिरेटोप हे शब्द एकत्र वावरतात. 'जिरेटोप' या शब्दातील 'जिरे' हा फारसी 'जिरह', म्हणजे लोखंडी कड्यांचे जाळीदार अंगत्राण, यावरून आलेला आहे. तंजावरकडे वळल्यावर मात्र या शब्दांनी चित्र पुरे होत नाही.

तेथील राजवाड्याच्या शस्त्रागारातून बाहेर पडलेली जी आयुधे आज चेन्नईच्या शासकीय संग्रहालयात व परदेशी संग्रहांत आहेत, त्यांत कटार विशेष लक्ष वेधते. उत्तरेकडील कटारीत मूठ धरलेल्या हाताची पाठ उघडी राहते. तंजावरी कटारीस पात्याच्या मुळाशी नागफणीसारखे वळलेले पोलादी पान असते व ते बोटांची पेरे झाकते. त्यावर नाजूक जाळीकाम असते, क्वचित व्यालमुखेही. पाते पुष्कळदा युरोपीय तलवारीचे असते. येथे संरक्षण अंगावर न चढवता शस्त्रातच घडवलेले आहे. पट्ट्याचा खोबळा हे त्याच विचाराचे आपल्या परिचयाचे रूप. विजयनगरच्या सैनिकांचे जाड शिवणीचे अंगरखे पोर्तुगीज प्रवासी पाएस याने १५२०च्या सुमारास वर्णिले आहेत. कापड टिकत नाही, पोलाद टिकते. त्यामुळे दक्षिणेचा योद्धा आपल्याला आहे त्याहून उघडा दिसतो.

या कटारींना सरसकट 'मराठी' म्हणणेही धाडसाचे. व्यंकोजीराजांनी १६७६च्या सुमारास नायकांचे राज्य घेतले. यांतील अनेक कटारींची घडण विजयनगर-नायक परंपरेची आहे. भोसल्यांनी त्या जपल्या, एवढे निश्चित.

१८५५मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना निवर्तले. कंपनीने राज्य खालसा केले आणि पुढच्या वर्षी राजवाड्यातील मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी दावा लावला व मद्रासच्या न्यायालयात तो जिंकला. पण १८५९मध्ये प्रिव्ही कौन्सिलने हे राज्यसत्तेचे कृत्य असल्याने न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे ठरवले. शस्त्रागारातील निवडक नग मद्रासच्या संग्रहालयासाठी राखले गेले. उरलेल्यांपैकी पुष्कळ तोडून जुन्या लोखंडाच्या भावाने विकले गेले. वॉलहाउस या मुलकी अधिकाऱ्याने काही वाचवले आणि १८७८मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'त त्यांची हकीकत लिहिली. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह मात्र जागेवर राहिला व १९१८मध्ये सरस्वती महाल या नावाने सार्वजनिक झाला. या शस्त्रांच्या मराठी नोंदी शोधायच्या, तर तंजावरच्या मोडी दफ्तरांतच शोधाव्या लागतील.