फिल्टरचं माहेर: नमदा

लोकर भिजवायची, चोळायची, दाबायची आणि पुन्हा चोळायची. तिचे तंतू एकमेकांत असे गुंततात की सूत न कातता, माग न लावता जाडजूड कापड तयार होतं. हा नमदा. इंग्रजीत त्याला फेल्ट म्हणतात. मध्ययुगीन युरोपात औषधं बनवणारे आणि किमयागार द्रव पदार्थ याच कापडातून गाळत. त्यांच्या लॅटिनमध्ये नमद्याचं नाव होतं ‘फिल्ट्रम’, आणि ते जर्मानिक बोलींतून आलेलं होतं. म्हणजे फेल्ट आणि फिल्टर हे एकाच कुळातले. इंग्रजीत फिल्टर हे क्रियापद सोळाव्या शतकात आलं. नमदा मागे पडला, तरी क्रियापद टिकलं.

गाळण्यासाठी लोकरीची शंकूच्या आकाराची पिशवीही वापरत. तिला थेट हिप्पोक्रेटिसचं नाव होतं: हिप्पोक्रेटिसची बाही. तिच्यातून गाळलेलं मसालेदार मद्य ‘हिप्पोक्रास’ म्हणून ओळखलं जाई.

मग कापडाची जागा वाळूने घेतली. स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात जॉन गिब यांचा कापड शुभ्र करण्याचा कारखाना होता. तिथलं गढूळ पाणी गाळण्यासाठी त्यांनी 1804 साली वाळू आणि खडीची गाळणी बांधली आणि उरलेलं पाणी गावकऱ्यांना विकलं. 1829 मध्ये जेम्स सिम्प्सन यांनी लंडनच्या चेल्सी वॉटरवर्क्ससाठी थेम्सचं पाणी वाळूच्या थरांतून सोडलं. 1852 च्या कायद्याने लंडनच्या पाणीकंपन्यांवर घरगुती वापराचं पाणी गाळूनच देण्याची सक्ती आली. रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा सर्वमान्य झालेलं नव्हतं. पाणी नितळ दिसावं, वास येऊ नये, एवढीच लोकांची अपेक्षा असे. प्रत्यक्षात मोठं काम करत होता वाळूच्या पृष्ठभागावर साचणारा बुळबुळीत थर. त्यातले सूक्ष्मजीव पाण्यातले जंतू अडवत आणि खाऊन टाकत.

याची किंमत 1892 मध्ये कळली. हॅम्बुर्ग एल्बे नदीचं पाणी न गाळता पुरवत होतं. त्याला खेटून असलेलं आल्टोना तर नदीच्या खालच्या अंगाला होतं, हॅम्बुर्गचं सांडपाणी मिसळल्यानंतरचं पाणी घेत होतं. पण वाळूतून गाळून. कॉलरा आला तेव्हा हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांवर माणसं दगावली आणि आल्टोना मोठ्या प्रमाणात बचावलं. दोन शहरांची हद्द जिथे एकाच रस्त्यावरून जाई, तिथे रोग हॅम्बुर्गच्या बाजूला थांबला.

तरीही या कुळकथेतला सगळ्यांत मोलाचा भाग गाळणीत न अडकलेल्या गोष्टीचा आहे. पाश्चर यांचे सहकारी शार्ल शाँबरलाँ यांनी 1884 मध्ये बिनझिलईच्या चिनीमातीची नळी तयार केली. तिची छिद्रं इतकी बारीक की जीवाणू आरपार जात नसत. 1892 मध्ये रशियाच्या दिमित्री इवानोव्स्की यांनी रोगट तंबाखूच्या पानांचा रस अशा गाळणीतून काढला. खाली उतरलेला रस निरोगी रोपांना लावला, तर तीही रोगट झाली! गाळणीत काही दोष असावा, अशी शंका त्यांना होती. 1898 मध्ये डच शास्त्रज्ञ मार्टिनस बायेरिंक यांनी प्रयोग पुन्हा केला आणि हा वेगळ्याच जातीचा संसर्ग आहे, असं ठाम सांगितलं. त्याच वर्षी गुरांच्या लाळ्या खुरकूत रोगाचं कारणही गाळणीतून पार होतं, हे दिसलं. पुढे कित्येक वर्षं या रोगकारकांना ‘फिल्टरेबल व्हायरस’ म्हणत. गाळणीत अडकत नाहीत, हीच त्यांची पहिली ओळख. आज त्यातला ‘व्हायरस’ तेवढा उरला आहे.

कापडही पूर्ण निकालात निघालं नाही. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या बारीक प्राण्यांना चिकटून राहतात आणि हे प्राणी कापडात अडकतात. रिटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बांगलादेशातल्या मतलब भागात 65 गावांत पाहणी केली. जुन्या साडीच्या निदान चार घड्या करून त्यातून पाणी गाळल्यावर कॉलरा जवळपास 48 टक्क्यांनी कमी झाला, असं त्यांनी 2003 मध्ये मांडलं. वापरून मऊ झालेली साडी नव्या कापडापेक्षा सरस ठरते, कारण धुऊन धुऊन तिचे तंतू सुटतात आणि भोकं लहान होतात. पाणी गाळून पिण्याचा जैन घरांतला नेम आणि ही पाहणी शेजारी ठेवून वाचाव्यात अशा आहेत.

द्रवाबाहेर पडल्यावर क्रियापद मोकाट सुटलं. इंग्रजीत प्रकाश पानांतून फिल्टर होतो, बातमी हळूहळू फिल्टर होत पोचते. फोटोला फिल्टर ‘लावतात’ तेव्हा तर काही काढण्याऐवजी रंग चढवला जातो.

एक घोळ मात्र इंग्रजीतही आहे आणि मराठीतही. पाणी फिल्टर केलं की पाणी ठेवतात, गाळ टाकतात. पण कचरा फिल्टर केला की कचराच टाकतात. इंग्रजीने त्यासाठी पुढे ‘आउट’ जोडून घेतलं. आपण तर दोन्हीकडे एकच क्रियापद चालवतो: चहा गाळला की तो कपात येतो, यादीतून नाव गाळलं की ते जातं. संगणकाच्या भाषांत ‘फिल्टर’ ही आज्ञा बहुधा अट पुरी करणाऱ्या नोंदी ठेवते आणि बाकीच्या वगळते. प्रोग्रॅमिंग नव्याने शिकणाऱ्याला नेमकं याच्या उलट वाटू शकतं.